सोडत शासनाची, जबाबदारी कोणाची?

मिरजेहून म्हैसाळच्या रस्त्याने निघालेली गाडी थोड्याच वेळात कागवाडला, म्हणजे कर्नाटकात, पोहोचते. भाषा एकदम बदलत नाही. शेतातला ऊस तोच, माणसांची आडनावेही पुष्कळदा तीच. परंतु मिरजेच्या बाजारात राजरोस विकले जाणारे लॉटरीचे तिकीट कागवाडमध्ये कोणी विकावयास बसला, तर तो कायद्याने गुन्हेगार ठरतो. कर्नाटकाने २००७ साली सर्व प्रकारच्या लॉटरीवर बंदी घातली. महाराष्ट्रात मात्र १९६९ पासून खुद्द शासनाचीच लॉटरी आहे. अलीकडे जो शासकीय उपक्रम, तोच पलीकडे पोलीस ठाण्यातील गुन्हा!

हा विषय येथे घेण्यास कारण आहे. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने राज्य लॉटरीचा विचार करण्यासाठी आमदार श्री. सुधीर मुनगंटीवार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि केरळच्या लॉटरीचा अभ्यास तिच्याकडे सोपविला. आपली लॉटरी मरगळली आहे, केरळची भरभराटीत आहे, तेव्हा तेथील मार्ग येथे चालेल काय, असा एकंदर रोख होता. वृत्तपत्रांतून जी चर्चा वाचनात आली ती बहुतांशी महसुलाची होती. तो महसूल ज्या घरांतून येतो, त्या घरांत आम्हा धर्मगुरूंचे येणेजाणे असते. म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते.

लॉटरी हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी ‘सोरट’ हा शब्द आला. तो पोर्तुगीज ‘सोर्ते’ म्हणजे नशीब, चिठ्ठी, या शब्दावरून आला असे मानले जाते. सातारा-सांगलीकडील यात्रा-जत्रांतून चित्रांचा पट मांडून पैसे लावून घेणारा सोरटवाला जुन्या लोकांनी पाहिलेला आहे, आणि पोलिसांच्या कारवाईच्या बातम्यांत हा शब्द आजही भेटतो. सोरट वर्षातून एकदा, यात्रेपुरते. त्यात खिसा रिकामा झाला तरी यात्रा संपली की पट गुंडाळला जाई. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे विवेचन या ‘किती वेळा’वरच येऊन ठेपणार आहे.

मटक्याची कथा वेगळी आहे. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने येत असत आणि त्या भावांच्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे बंद झाले. तेव्हा १९६२ साली वरळीत कल्याणजी भगत यांनी, आणि १९६४ साली रतन खत्री यांनी, आकडा येथेच काढण्याची पद्धत सुरू केली. ओपन, क्लोज, जोडी, पाना ही परिभाषा तेव्हापासूनची. सातारा जिल्ह्यातील हजारो माणसे त्या काळी गिरणगावात होती. सुट्टीला गावी येताना त्यांच्या ट्रंकेतून काही जणांबरोबर ही परिभाषाही आली असावी. पुढे ती इतकी मुरली की, महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १२ (अ) हे काही न शिकलेल्या माणसालाही पाठ झाले. हा कायदा मूळचा १८८७ सालचा आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

या मटक्याला आळा बसावा, लोकांचा ओढा निदान प्रामाणिक सोडतीकडे वळावा आणि पैसा लोककल्याणासाठी यावा, या हेतूने १२ एप्रिल १९६९ रोजी महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. केरळने दोनच वर्षांपूर्वी, १९६७ साली, आपले लॉटरी खाते स्थापन केले होते. त्यांची पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी निघाली, तिकीट एक रुपयाचे आणि पहिले बक्षीस पन्नास हजारांचे. त्या काळच्या सोडती सार्वजनिक असत, आठवडे-महिन्यांच्या अंतराने निघत, निकाल वर्तमानपत्रात येत. तिकीट पाकिटात ठेवून माणूस आपल्या कामाला लागे. आमच्या लहानपणी तर बक्षीस न लागलेले तिकीट मुलांना खेळायला मिळे, आणि त्यावरील चित्रांचे आम्हाला बक्षिसापेक्षा अधिक अप्रूप होते.

मौज अशी की, राज्याच्या प्रशासनात लॉटरीचा कारभार ज्या आयुक्तालयाकडे ठेवला गेला त्याचे नाव ‘अल्पबचत व राज्य लॉटरी’ असे आहे. एका हाताने पैसे साठवा म्हणणे आणि दुसऱ्या हाताने तिकीट पुढे करणे, ही दोन्ही कामे एकाच पाटीखाली! यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. परंतु आजच्या अडचणीचे मूळ त्या पाटीवर स्वच्छ वाचता येते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र व राज्य सरकारांनी चालविलेली लॉटरी केंद्राच्या यादीत (क्रमांक ४०) आहे, तर जुगार व पैज राज्यांच्या यादीत (क्रमांक ३४). म्हणजे मटका पकडणे राज्याचे काम, लॉटरीचे नियम करणे दिल्लीचे. त्याप्रमाणे संसदेने १९९८ साली लॉटरी नियमन कायदा केला. त्यापूर्वीच्या वर्षांत एक-अंकी लॉटऱ्यांनी देशभर कहर केला होता. म्हणून कायद्याने पहिली अट घातली की, एका अंकावर किंवा आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस देता येणार नाही. तिकिटावर राज्याचे बोधचिन्ह हवे, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात जमा व्हावा, सोडत राज्याने स्वतः आणि स्वतःच्या हद्दीतच काढावी, न नेलेले बक्षीस राज्याच्या मालकीचे व्हावे, वर्षातून सहाहून अधिक बंपर सोडती नसाव्यात. आणि सर्वांत मोलाची अट अशी की, कोणत्याही लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा अधिक सोडत नसावी.

ही शेवटची अट कागदावर आजही आहे. तिला बगल कशी मिळाली? लॉटरीची नावे वाढविण्यात आली. सोमवारची एक, मंगळवारची दुसरी, सकाळची तिसरी, दुपारची चौथी. प्रत्येक नावाची सोडत आठवड्यातून एकदाच, आणि सोडती मात्र दिवसभर! केंद्राने २०१० साली नियम केले, तेव्हा एका राज्याला सर्व योजना मिळून दिवसाला जास्तीत जास्त चोवीस सोडतींची मुभा दिली. ज्या कायद्याने ‘आठवड्यातून एक’ म्हटले, त्याच्याच नियमांनी ‘दिवसातून चोवीस’ म्हटले. शिवाय ही मर्यादा एका राज्यापुरती आहे. दुकानात तिकिटे अनेक राज्यांची असू शकतात.

याने काय फरक पडतो, ते थोडा हिशेब मांडून पाहू. मटक्यात जोडी लावणाऱ्यापुढे शून्य-शून्य ते नव्याण्णव अशा शंभर शक्यता असतात आणि लागल्यास साधारणतः नव्वदपट पैसे मिळतात. म्हणजे सरासरीने शंभरातील दहा रुपये जातात. उलट जगातील बहुतेक सरकारी लॉटऱ्या जमा रकमेचा निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग बक्षिसांत परत करतात. निव्वळ गणिताने पाहता सरकारी तिकीट मटक्याहून महाग पडते! तरीही आठवड्याला वीस रुपयांचे एक तिकीट घेणारा सरासरीने दहा रुपये घालवतो, आणि विषय तेथे संपतो. आता तोच मनुष्य दर पंधरा मिनिटांनी वीस रुपये लावू लागला आणि त्याला मटक्यासारखे नव्वद टक्के परत मिळाले असे समजा. सकाळी नऊ ते रात्री नऊ अठ्ठेचाळीस वेळा, म्हणजे ९६० रुपये लागले; सरासरीने ९६ रुपये गेले. एका दिवसात. मधूनमधून लागत असल्याने तो उठत नाही, हे आणखी वेगळे. माणूस बक्षिसाच्या लहानमोठेपणाने बुडत नाही. दोन सोडतींमधील अंतर नाहीसे झाले की तो बुडतो.

मला हे पुस्तकातून समजले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाचा एक गृहस्थ सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहण्याचे काम करीत असे. उपासनेला नियमित, दारूला स्पर्श नाही, मुलगी शाळेत हुशार. एके दिवशी त्याची पत्नी येऊन म्हणाली, “फादर, त्यांना तुम्ही जरा सांगा. हमालीचा पैसा घरी येईनासा झालाय.” मी त्याला बोलावले. त्याने खिशातून एक लहान वही काढून माझ्यापुढे ठेवली. तीत तारखा, वेळा आणि दोन-दोन आकड्यांच्या उभ्या ओळी होत्या, कमालीच्या नीटनेटक्या. एका दुकानात संगणकाच्या पडद्यावर दर थोड्या वेळाने आकडा येई आणि हा तो वहीत उतरवून पुढच्या आकड्याचा अंदाज बांधी. मी मटक्यावर बोलू लागलो तेव्हा तो खरोखरच दुखावला. म्हणाला, “फादर, मटका मी आयुष्यात लावला नाही. ही लॉटरी आहे, सरकारी. बाहेर बोर्ड आहे.”

ते दुकान कायदेशीर होते की पाटी एकीची आणि आत दुसरेच काही, हे मला शोधून काढता आले नाही. त्यालाही ठाऊक नव्हते आणि जाणून घेण्याची त्याला गरजही वाटली नाही. मटका लपून लावावा लागतो, ही त्यातील एक प्रकारची लाज आहे, आणि ती लाज पुष्कळांना दारातून परत फिरविते. ‘सरकारी’ या एका शब्दाने ती काढून घेतली. १९६९ च्या हेतूचे असे उलटे फळ त्या घराच्या वाट्याला आले.

यावर कोणी म्हणेल की, परराज्यांच्या लॉटऱ्या आणि पडद्यावरचे आकडे बंद करा, आपली साधी कागदी लॉटरी राहू द्या. हे इतके सोपे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली बी. आर. एंटरप्रायझेस विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात सांगितले की, राज्याने चालविली तरी लॉटरी हा जुगारच राहतो. त्याच निकालात असेही ठरले की, एखाद्या राज्याला इतर राज्यांच्या लॉटरीवर बंदी घालावयाची असेल तर त्याने आधी स्वतःची बंद केली पाहिजे. स्वतः विकावयाची आणि शेजाऱ्याला अडवावयाचे, हे चालणार नाही. तेव्हा महाराष्ट्राची लॉटरी लहान असली, तिचे उत्पन्न तुटपुंजे असले, तरी तिच्यामुळे दार मात्र सताड उघडे राहते, आणि त्या दारातून ईशान्येकडील राज्यांच्या नावाची तिकिटे आत येतात. ती विकणारे वितरक किती बलवान असतात याची कल्पना मार्च २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा देशाला आली. सर्वाधिक, १,३६८ कोटी रुपयांचे रोखे फ्यूचर गेमिंग या लॉटरी व्यवसायातील कंपनीने घेतले होते.

आता केरळकडे वळू. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यवसायातील कुटुंबे देशभर विखुरली आहेत, दक्षिणेतही पुष्कळ आहेत. त्यामुळे सांगली जिल्ह्याला केरळची लॉटरी ऐकून तरी ठाऊक आहे. तेथील व्यवस्थेत घेण्यासारखे निश्चित काही आहे. ऑनलाइन नाही, तिकीट कागदाचे, छपाई आणि सोडत शासनाची, मध्ये खासगी महावितरक नाही. विक्रेत्यांत अपंग, वृद्ध, विधवा असे अनेक जण, ज्यांची चूल त्यावर पेटते. २०१२ साली वित्तमंत्री के. एम. मणी यांनी कारुण्य निधी उभा केला आणि त्यातून गरिबांच्या हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा खर्चिक उपचारांना साहाय्य मिळू लागले. हे नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु आकडे पूर्ण पाहिले पाहिजेत. केरळची वार्षिक विक्री बारा हजार कोटींच्या घरात गेली आहे असे सांगितले जाते, ते खरे. बक्षिसे, विक्रेत्यांचे कमिशन आणि खर्च वजा जाता राज्याच्या हाती निव्वळ जे उरते ते त्याच्या दशांशाहूनही कमी असते. कराचा वाटा निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवरील वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्के झाला. पन्नास रुपयांच्या तिकिटात सुमारे चौदा रुपये कराचेच. बक्षीस लागले तर त्यावर तीस टक्के आयकर आणि वर अधिभार. २०२२ साली केरळच्या ओणम बंपरचे पंचवीस कोटी एका रिक्षाचालकाला लागले तेव्हा, कमिशन व कर जाऊन हाती पंधरा-सोळा कोटी येणार होते. आणि थोड्याच दिवसांत मदत मागणाऱ्यांच्या रांगांना कंटाळून, हे बक्षीस लागले नसते तर बरे झाले असते, असे त्याने वार्ताहरांना सांगितले. आठवड्याच्या सात दिवशी सात नावांच्या ‘साप्ताहिक’ सोडती केरळातही निघतातच. महाराष्ट्राने केरळचे अनुकरण करावयाचे म्हणजे नेमके कशाचे, कारुण्य निधीचे की सात दिवसांचे?

देशाबाहेर पाहिले तर निरनिराळे प्रयोग दिसतात. त्यांतील दोन-तीन आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीची पहिली सोडत नोव्हेंबर १९९४ मध्ये निघाली. सरकार स्वतः तिकीट विकत नाही. ठराविक मुदतीचा परवाना एका कंपनीला मिळतो. तीस वर्षे तो कॅमेलॉटकडे होता, फेब्रुवारी २०२४ पासून ऑलविनकडे आहे. वर देखरेखीस जुगार आयोग हे वेगळे मंडळ. एका मुद्दाम खराब केलेल्या खोट्या तिकिटावर मोठे बक्षीस दिले गेल्याचे उघडकीस आले तेव्हा २०१६ साली या आयोगाने त्याच कॅमेलॉटला तीस लाख पौंडांचा दंड केला. २०२१ साली तिकीट घेण्याचे वय सोळावरून अठरा करण्यात आले. त्यामुळे ब्रिटनमध्ये कोणी कंगाल होत नाही असे नाही. पण तक्रार घेऊन जावे असे एक दार तेथे आहे आणि ते विक्रेत्याच्या दुकानाचे नाही.

अमेरिकेत याच्या उलट अनुभव आला. न्यू हॅम्पशायरने १९६४ साली आधुनिक राज्य लॉटरी सुरू केली. आज पंचेचाळीस राज्यांत ती आहे आणि सामान्यतः विक्री वाढविणे व नियम पाळणे ही दोन्ही कामे राज्याच्या एकाच खात्याकडे असतात. टेक्सासमध्ये एप्रिल २०२३ मध्ये एका गटाने अडीच कोटींहून अधिक तिकिटे घेऊन जवळजवळ सर्वच शक्यता विकत घेतल्या आणि साडेनऊ कोटी डॉलरचे बक्षीस नेले. यंत्रे कोणी पुरविली, एवढी तिकिटे कशी छापू दिली, याची चौकशी सुरू झाली, आणि अखेर २०२५ साली तेथील लॉटरी आयोगच विसर्जित करून काम दुसऱ्या खात्याकडे देण्यात आले. त्याआधी एडी टिप्टन या गृहस्थाचे प्रकरण गाजले होते. अनेक राज्यांच्या संयुक्त लॉटरी संघटनेत संगणक सुरक्षेचा प्रमुख असलेल्या याच माणसाने आकडे काढणाऱ्या प्रणालीत फेरफार करून ठेवला होता; २०१७ साली त्याला शिक्षा झाली. पडद्यावरील आकड्याविषयी आमच्या हमाल बांधवाला जो विश्वास होता, त्याची मला अशा वेळी आठवण होते. आणि नशिबाचे म्हणाल, तर तेथील ‘पॉवरबॉल’चे मोठे बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे २९ कोटी २२ लाखांत एक आहे. २०११ च्या जनगणनेतील संपूर्ण महाराष्ट्राच्या लोकसंख्येची अडीचपट केली तरी हा आकडा भरत नाही.

नॉर्वेचा मार्ग मला त्यातल्या त्यात माणुसकीचा वाटतो. तेथे राज्याचीच मक्तेदार कंपनी आहे, पण खेळणाऱ्याची नावानिशी नोंद होते आणि तो किती हरू शकतो याला मर्यादा आहे. मर्यादा आली की विक्री थांबते. चुका तेथेही होतात: जून २०२५ मध्ये रक्कम रूपांतरित करताना शंभराने भागण्याऐवजी गुणले गेले आणि हजारो लोकांना भलतेच मोठे बक्षीस लागल्याचे संदेश गेले. कंपनीच्या प्रमुखांनी पद सोडले. हेही नोंद घेण्यासारखे आहे.

आता स्वतःच्या घराकडे पाहणे भाग आहे, कारण या बाबतीत ख्रिस्तसभेचा इतिहास स्वच्छ कोऱ्या कागदासारखा नाही. अठराव्या शतकात पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी आपल्या राज्यात लॉटरीवर कडक बंदी घातली, अगदी धर्मबहिष्काराच्या शिक्षेसह. त्यांच्यानंतरचे पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली ती पुन्हा सुरू केली, आणि रोमला गेलेला प्रत्येक यात्रेकरू ज्या त्रेवी कारंज्यापुढे छायाचित्र काढून घेतो ते त्या पैशातून उभे राहिले. लिस्बनच्या ‘सांता काझा दा मिझेरिकोर्दिया’ या दयाकार्य करणाऱ्या संस्थेला १७८३ साली राणी पहिली मारिया हिने लॉटरीची परवानगी दिली. पोर्तुगालची लॉटरी आजही हीच संस्था चालविते. स्पेनची नाताळची लॉटरी १८१२ पासूनची. २२ डिसेंबरला माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुले आकडे गाऊन सांगतात आणि सारा देश ऐकतो. जमेच्या सत्तर टक्के रक्कम बक्षिसांत जाते. ती वर्षातून एकदाच असते, आमच्या सोरटासारखी.

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने (परिच्छेद २४१३) या विषयावर फार तोलून शिकवण दिली आहे. नशिबाचे खेळ अथवा पैजा स्वतःहून न्यायाच्या विरुद्ध नाहीत. मात्र माणसाच्या स्वतःच्या व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊ लागला की ते नैतिक दृष्ट्या स्वीकारता येत नाहीत, आणि जुगाराची आसक्ती ही गुलामगिरी होऊ शकते. चिठ्ठ्या टाकून मथियाची निवड झाली, आणि क्रुसाखाली शिपायांनीही चिठ्ठ्याच टाकल्या. क्रिया एकच, परंतु त्यांपैकी एका प्रसंगी चिठ्ठ्या दुसऱ्याच्या अंगरख्यावर पडत होत्या.

नाताळ जवळ आला की धर्मग्रामांतून सोडतीची तिकिटे निघतात. सभागृहाचे छत, शाळेची बाके, गरीब विद्यार्थ्यांची फी, असे कारण असते आणि ते खरे असते. मी स्वतः अशा पुस्तिका वाटल्या आहेत. त्या हमाल गृहस्थाला त्याच वर्षी मीच पन्नास तिकिटांची पुस्तिका दिली होती. एकोणीस तिकिटे विकली गेली नाहीत, ती परत करावयास त्याला संकोच वाटला, म्हणून त्याने स्वतःच्या पैशाने ठेवून घेतली. हे मला दोन वर्षांनंतर त्याच्या पत्नीकडून कळले. आम्हाला त्या वर्षी हिशेबात पूर्ण पुस्तिका दिसली आणि आम्ही आनंद मानला.

कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार, राज्याची स्वतःची अथवा राज्याने अधिकृत केलेली नसलेली लॉटरी काढण्यासाठी कार्यालय किंवा जागा ठेवणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा लॉटरीची जाहिरात करणेही दंडनीय आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच २९४-अ होते. धर्मग्राम समित्यांनी तिकिटे छापण्यापूर्वी आपल्या सोडतीस कोणती परवानगी लागते हे वकिलास व जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. ‘सगळेच करतात’ हे उत्तर न्यायालयात चालत नाही. विकण्याचे काम मुलांना देऊ नये, आणि न विकलेली तिकिटे विनासायास परत घेतली जातील हे वेदीवरून नि:संदिग्धपणे सांगावे.

राज्याच्या बाबतीत माझे मत वाचकांना पटेलच असे नाही. मोबाइलवरील पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, त्याला २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावले जात असतील तर खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्याने ठेवला नाही. जे सरकार तरुणाच्या हातातील पडद्यावर हे म्हणते, त्याच शासनव्यवस्थेने दुकानातील पडद्यावर दिवसाला चोवीस सोडती चालू द्याव्यात, यात मला संगती दिसत नाही. राज्याची लॉटरी ठेवावयाचीच असेल तर कागदी, खऱ्या अर्थाने आठवड्यातून एक, अठरा वर्षांखालील कोणासही न विकता, आणि देखरेख वित्त विभागाबाहेरच्या मंडळाकडे देऊन ठेवावी. दर वर्षी किती जमले, कोणत्या तालुक्यातून जमले, कोठे खर्चले, हे छापून प्रसिद्ध व्हावे. दुष्काळी जत-आटपाडीतून किती आणि महाबळेश्वरातून किती, हे एकदा तरी कळू द्या. एवढे करण्याची तयारी नसेल तर बंद करणे बरे. म्हणजे निदान परराज्यांची दारे बंद करण्याचा अधिकार तरी महाराष्ट्राकडे येईल.

बंदीने मटका जाईल, अशी माझी समजूत नाही. कर्नाटकात लॉटरी बंद होऊन दोन दशके होत आली, आणि कागवाड-अथणीकडचे लोक तेथील मटक्याच्या ज्या गोष्टी सांगतात त्या मिरजेहून निराळ्या नाहीत. तिकीट विकून पोट भरणाऱ्या अपंग विक्रेत्यांचे काय, हा प्रश्नही खरा आहे आणि समितीने त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे. पण तेथे मटका लावणाऱ्या माणसाला एवढे तरी ठाऊक असते की, आपण जे करतो आहोत ते सरकारी नाही.

तो हमाल गृहस्थ आता वही ठेवीत नाही. मुलीच्या शाळेची फी तो पगाराच्या दिवशीच पत्नीच्या हाती देतो, आणि आमच्या नाताळच्या सोडतीचे एक तिकीट दरवर्षी घेतो. मागील वर्षी त्याला स्टीलचा डबा लागला.